मामांच्या नावाची बाटली

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नागोराव मामा कुत्र्याचं औषध प्यायले.

सुट्टीत यवतमाळहून बाभुळगावला आलेली प्रभा समोरच बसली होती. मामांनी खोकल्याचं औषध म्हणून बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. खवट तेलाचा भपकारा ओसरीभर पसरला.

"बाबा, ते भुऱ्याचं जंताचं औषध होय," दहा वर्षांचा उकंडा म्हणाला. "काल मी बाटलीच त्याच्या जबड्यात खुपसली होती."

बाटलीच्या तोंडाशी वाळलेली लाळ होती. तिला दोन केस चिकटले होते. मामांनी बाटली फिरवून चिठ्ठी पुढे केली.

"पण यावर त माहं नाव आहे!"

होतंच. चांगली बाटली टाकायची कशाला, म्हणून मामांनीच परवा आपल्या खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली जनावरांच्या दवाखान्यात भरायला नेली होती. नावाची चिठ्ठी आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी, दोन्ही तशीच.

सत्यभामा मामी मिठाचं पाणी घेऊन धावल्या. "प्या. सारं बाहेर येते."

"मामी, थांबा," प्रभा म्हणाली. "पोटात काय गेलं ते ठाऊक नसताना उलटी करवायची नाही. शाळेत शिकवलंय. आधी डॉक्टर."

तिनं बाटली उजेडात धरली. "भरली तेव्हा किती खुणा होत्या?"

"सहा. भुऱ्याले एकच देल्ली," उकंडानं सांगितलं.

"आता तीन उरल्या. म्हणजे मामांनी दोन घेतल्या."

"कुत्र्यापेक्षा डबल," उकंडा म्हणाला.

"तू चूप बस," मामा थुंकत म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हुंगली आणि मान फिरवली. प्रभानं वेळ सांगितली, खुणा सांगितल्या. उकंडा पळत जाऊन जनावरांच्या दवाखान्यातून औषधाचं नाव लिहून घेऊन आला. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

"उलटी करवली असती तर हे तेल छातीत उतरलं असतं. पोरांनी डोकं चालवलं, नागोराव. तुम्ही नाही. उद्या सकाळपर्यंत नजर ठेवा. गरगरलं किंवा झापड आली, तर लगेच घेऊन या."

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मामा तिसऱ्यांदा लोटा घेऊन परसातल्या संडासात गेले. प्रभानं कागदावर वेळ लिहिली. उकंडा नाक दाबून दाराशी उभा आहे. मामा अजून बाहेर आलेले नाहीत. आतून खोकला मात्र ऐकू येतो आहे.