कुशाबाईंनी पाहिलेलं नाटक

सलग अकरावी रात्रपाळी करून त्या सकाळी मी इंदापूरच्या दवाखान्यातून बाहेर पडणार होते. शहाण्णव सालचा जानेवारी. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास, आणि माझे पाय इतके जड झालेले की जिन्याचा कठडा धरून उतरावं लागत होतं. घरी जाऊन नुसतं पडायचं होतं. पण मेघनानं बारामतीच्या दुपारच्या नाटकाची दोन तिकिटं आणून ठेवली होती. मेघना आमच्याकडे केसपेपर काढायच्या खिडकीत बसायची. आणि मी जावंच, असा हट्ट माझ्या वॉर्डातल्या कुशाबाईंनी धरला होता.

कुशाबाई कळंबच्या. वय साठीच्या पुढं, छातीत पाणी झालेलं, नऊ नंबरची खाट. रात्री दम लागून झोप येईना की त्या मला त्यांचा आवडता सिनेमा सांगायच्या. लग्नातून नवरदेव पळून जातो आणि बँडमधल्या पिपाणीवाल्यालाच बाशिंग बांधून उभं करतात, असा हसवणुकीचा जुना सिनेमा. गावाजवळ सिनेमाचा तंबू आला तेव्हा धाकट्या बहिणीला घेऊन त्यांनी तो सात वेळा पाहिला होता. गंमत सांगायच्या आधीच त्यांना हसू फुटायचं. घशात एक आवंढा, मग उचकीसारखं ‘हुप्प’, आणि मग खोकल्याची उबळ येईपर्यंत हसणं. आता त्याच सिनेमावरून कुणीतरी गाण्याबजावण्याचं नाटक बसवलं होतं.

“मावशी, डोळे उघडे राहत नाहीत हो माझे,” मी म्हटलं.

“डोळं मिटलं तरी चालंल, बाय. तू निसती जाऊन बस.” त्यांनी माझं मनगट धरलं. हात ओल्या फडक्यासारखा गार होता. “फुडचं मी बघती.”

मी हसले. आजारी माणसं काहीबाही बोलतात.

एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बारामती येईपर्यंत पेंगत होते. बाहेर लख्ख ऊन, पण थिएटरात काळे पडदे ओढलेले. दार लागलं तसा विहिरीत उतरल्यासारखा अंधार झाला. कोंदट सतरंजी, गजरे, कुणाच्या तरी पिशवीतले पेरू, असा सगळा वास एकत्र झालेला. तीनला पडदा उघडला. पेटी वाजली, बँडवाल्यांचं पहिलं गाणं झालं, लोकांनी टाळ्या दिल्या. टाळीसाठी मी हात उचलला तेव्हा मनगट एकदम गार पडलं. मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागलेले होते आणि लोक उठत होते. माझा जबडा ठणकत होता. घसा बसला होता. पदर डोळ्यांच्या पाण्यानं ओला झाला होता. मेघना माझ्या शेजारी नव्हती. दोन खुर्च्या सोडून उभी होती.

“संपलं? अगं, मला उठवायचंस तरी...”

“तुळसा,” ती हळू म्हणाली, “तूच आहेस ना?”

बाहेर रसवंतीवर आम्ही बसलो, पण तिनं ग्लासाला तोंड लावलं नाही.

“तू झोपली नव्हतीस. हसत होतीस. सगळ्यांच्या आधी... तो नट तोंड उघडायच्या आधी. पुढचे लोक मागं वळून बघत होते. शेवटी शेवटी तो पिपाणीवाला तुझ्याकडेच बघत बोलायला लागला. वाक्य चुकला दोनदा.”

“आणि?”

“आणि आवाज तुझा नव्हता. हसायच्या आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, अन् मग...” तिनं तो आवाज काढून दाखवला. हुप्प.

मेघनानं कुशाबाईंना कधी पाहिलेलं नव्हतं.

रात्री आठला मी पाळीवर आले. नऊ नंबरची गादी गुंडाळून ठेवलेली होती, खाली फरशी फिनेलनं पुसलेली. दिवसपाळीच्या बाईंनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. कुशाबाईंच्या नावापुढं वेळ लिहिली होती. दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. माणसं येऊन त्यांना कळंबला घेऊनही गेली होती.

खरं सांगते, मला आधी भीती वाटलीच नाही. भीती वाटायलाही अंगात त्राण लागतं. मला इतकंच कळलं, की मी नसताना माझ्या अंगानं आणखी एक पाळी केली होती. मी रिकाम्या खाटेवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. पुढंही कितीही झोपले तरी शीण जाईना. उठावं तर घसा बसलेला असायचा.

सहाव्या दिवशी मला दिवसपाळी होती; दुपारी कुशाबाईंची धाकटी बहीण दगडाबाई त्यांचं गाठोडं न्यायला आली. एक लुगडं, पितळी तांब्या, पानाची चंची. नाटकाचं तिला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गाठोडं घेऊन ती वळली, थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“अक्का,” ती म्हणाली.

“मी सिस्टर आहे, मावशी. तुळसा.”

“व्हय, ठावं हाय मला.” तिची नजर हलली नाही. “अक्का, लई दमवलीस ह्या पोरीला. चल आता घरी.”

वॉर्डातला पंखा कुरकुरत होता. तेवढ्यात माझ्या घशात एक आवंढा आला. मी ओठ घट्ट मिटले, तरी ते उघडले.

“ऱ्हा की गं जरा,” मी म्हणाले. “आणिक एक खेळ बघू.”

दगडाबाईनं गाठोडं परत माझ्या हातात दिलं आणि निघून गेली.