उस्तादाची जागा

"नाथाजी उस्ताद कुठं हायेत?"

अंजना ट्रकच्या बोनेटवर चढून काच पुसत होती. तिनं वळून पाहिलं. खाली उन्हात एक उंच, सावळा तरुण उभा होता. बगलेत वळकटी, हातात पत्र्याची पेटी, आणि डोळे... डोळे असे की उत्तर द्यायचं क्षणभर राहूनच गेलं.

"आबा आत हायेत," ती म्हणाली. "पर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुमी जतचे आकाराम न्हवं, गाडी शिकायला आलेले? मग तुमचा उस्ताद म्हंजे मीच."

पत्र्याची पेटी धाडकन त्याच्याच पायावर पडली.

अंजनाला याची सवय होती. आबा पलटणीत ड्रायव्हर होते. नजर अधू होऊ लागली तसं त्यांनी एकुलत्या एका लेकीला स्टेअरिंगवर बसवलं आणि साताऱ्याला नेऊन तिची चाचणीही देववली. जड गाडीचं लायसन असलेली पोरगी कशी दिसते ते बघायला वडूजचे लोक कितीतरी दिवस काहीबाही निमित्त काढून दारात येत होते. पण कांद्याची गाडी घेऊन तिनं एकटीनं सांगलीच्या मार्केटात जायचं म्हटलं की आबा हटून बसायचे. तयार ड्रायव्हर त्यांना चालत नसे. ते मेले गिअर खरवडतात म्हणे. म्हणून हा शिकाऊ गडी आला होता.

पाय चोळत तो सरळ झाला. "लायसन बघू."

"काय?"

"तुमचं लायसन. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसनवालाच पायजे. नियम हाय."

अंजना चाटच पडली! आजवर लोक तिला हसले होते, नावं ठेवून गेले होते, पण लायसन दाखव असं म्हणणारा कुणी भेटला नव्हता. तिनं तणतणत ते आणून त्याच्या हातात आपटलं. त्यानं अक्षर न् अक्षर वाचलं. मग फोटो आणि चेहरा, चेहरा आणि फोटो असं ताडून पाहिलं... यातल्या चेहऱ्याला जरा जास्तच वेळ लागला.

"बरोबर हाय, उस्ताद," तो गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुढंमागं लाल 'एल' रंगवलेली गाडी सुरू झाली, तेव्हा आबा फेटा बांधून दोघांच्या मध्ये बसायला निघाले. तरण्याताठ्या पोरीला परक्या पोराबरोबर एकटं कसं सोडायचं?

"आबा, उतरा," आकाराम म्हणाला. "शिकाऊ गाडीत उस्तादाबिगर कुणी बसायचं न्हाई. आन तुमचं लायसन संपलंय."

आबांनी आ वासला. स्वतःची गाडी, स्वतःची लेक, आणि कालचं पोरगं उतरा म्हणतंय! अंजनाला वाटलं, आता आबा याला पेटीसकट जतला पाठवणार. पण आबांची हयात पलटणीत गेलेली. नियम म्हटल्यावर ते मुकाट्यानं उतरले आणि माळावरच्या बाभळीखाली धोंड्यावर जाऊन बसले. दिसत नव्हतं, तरी कान शाबूत होते. "तिसरा घाईनं टाकलास रं!" अशी आरोळी तिथून यायची.

आणि गाडीतून अंजनाची. "आकाराम, क्लच! आकाराम, वळणावर हात दावा! ओ आकाराम, आरशात बघा की!" माळावरच्या मेंढ्यांनासुद्धा त्याचं नाव पाठ झालं असेल.

"बघतोय की आरशात."

"काय दिसतंय?"

"तुमी."

तिनं झटकन वर पाहिलं. आतला आरसा चक्क तिच्याकडं वळवलेला होता! कानाच्या पाळ्या गरम झाल्या... तिनं हात लांब करून आरसा सरळ केला, आणि बराच वेळ तिला क्लच म्हणायचंही सुचलं नाही.

मग साळूबाईचं प्रकरण झालं. म्हातारी अंडी विकायला गावोगाव फिरायची. साताऱ्याच्या रस्त्यावर, भर उन्हात, डोक्यावर पाटी घेऊन तिनं हात केला, आणि आकारामनं गाडी थांबवलीच नाही. या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला घेतलं नाही असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. "चाकं फुटतील तुझी, मेल्या!" असं मागून ऐकू आलं.

"माणूस हाय का दगड तुमी?" अंजना भडकली.

तो हळू आवाजात म्हणाला, "दुष्काळात माझा भाऊ पाण्याच्या टँकरवर शिकत हुता. एक दिस शेजारी उस्ताद न्हवता. वाटेत ज्यानं हात केला त्याला घेत गेला... टपावर, बाजूला, माणसंच माणसं. उतारावर गाडी कलंडली. भाऊ गेला, उस्ताद."

अंजना सुन्न झाली. राग कुठल्या कुठं गेला. उतार आला तसा तिचा हात आपोआप गिअरवरच्या त्याच्या हातावर गेला, आणि उतार संपला तरी तिथंच राहिला.

भाद्रपद सरता सरता साताऱ्याला चाचणी ठरली. आबा नियमाप्रमाणे यष्टीनं गेले आणि मैदानाच्या कडेला बसले. आकारामनं सगळं चोख केलं. शेवटी चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती, आणि गाडी बंद पडली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली. नापास!

अंजनाला खरंच वाटेना. असा चढ तर तो रोज हसत हसत काढायचा.

आबांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, गाडी बंद पडली न्हाई. त्यानं पाडली. मला ऐकू येतंय." मग कोरड्या आवाजात म्हणाले, "कांदा निघायची येळ झाली. पुढच्या खेपेला असंच झालं तर शिरवळचा ड्रायव्हर बघून ठेवलाय. ह्यानं जतला जावं."

परतीच्या वाटेवर भुरभुर पाऊस लागला. गाडीचा वायपर हातानं फिरवायचा होता, तो अंजना फिरवत होती. दात आवळून.

"मुद्दाम नापास झालात?"

त्यानं उगीच गिअर बदलला.

"नियमाचा एवढा पुळका, आन असलं काम?"

"नापास हुऊ नये असा नियम न्हाई," तो पुटपुटला. "पास झालो की शेजारी उस्ताद लागत न्हाई. मग तुमी कशाला बसाल माझ्यापाशी?"

वायपर थांबला. काच धुरकटली, रस्ता दिसेना. आकारामनं घाबरून गाडी कडेला घेतली. अंजना त्याच्याकडं बघतच राहिली. एवढा शहाणा माणूस, आणि इतका खुळा? तिला हसू येत होतं, रडूही येत होतं.

"आन शिरवळचा आला म्हंजे? मग तुमची बी शिट गेली!" ती म्हणाली. "आकाराम, पुढच्या खेपेला पास व्हायचं. नियम संपल्यावर बसायचं का न्हाई, ते माझं मी ठरवीन."

"काय ठरवाल?"

"आदी पास व्हा."

पुढच्या खेपेला चढावर गाडी अशी उचलली गेली की साहेबांचा चष्मा खाली आला. आकारामनं रॉकेलच्या बोळ्यानं दोन्हीकडचा 'एल' पुसला आणि बोळा हातात धरून तसाच उभा राहिला. विचारायचं धाडस होईना. अंजनाही चाकाकडं बघत उभी होती. काही झालं तरी आता आबा मध्ये बसणार होते. आता नियमही आडवा येत नव्हता.

आबा चाचपडत गाडीपाशी आले. पत्र्यावरून हात फिरवला. म्हणाले, "मी यष्टीनंच येतो."

दोघंही थक्क झाली.

"आबा, आता बसता येतंय तुमाला!" आकाराम गडबडून म्हणाला.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले, आणि काठी टेकत स्टँडकडं चालू लागले.

अंजनाचे डोळे भरून आले. ती वर चढली आणि आपल्या जागेवर बसली. ना उस्ताद म्हणून, ना नियम म्हणून. आकारामनं गाडी सुरू केली.

वाटेत साळूबाई दिसली. या गाडीवरची तिची आशा सुटलेली होती. तिनं हातसुद्धा केला नाही. गाडी आपणहून थांबली, तशी ती दचकून दोन पावलं मागं सरली. मग आत शिरून तिनं पाटी मांडीवर घेतली, आणि अंजनाला सरकावं लागलं... अगदी आकारामच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत.

"सुदारला म्हणायचा," साळूबाई त्याला निरखत म्हणाली. "तवा तर लय शिव्या दिल्या बाबा तुला, बिननावाच्या. काय गं अंजना, नाव काय ह्या ड्रायव्हरचं?"

साधा प्रश्न. अंजनानं सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. सगळा माळ ज्या नावानं दणाणून सोडला होता, ते नाव ओठांवर येईना. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

साळूबाईनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! नाव घेत न्हाईस व्हय त्याचं?"

आकारामच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा गिअर करकरला. आणि तरीही कुणी "क्लच!" म्हणून ओरडलं नाही.