कुंडीतला तपकिरी बर्फ

नौपाड्यातल्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कल्पिता एरवी दुपारी जायची. त्या दिवशी कोलशेतहून निघाली तर रस्ता मोकळा मिळाला, आणि ती सकाळीच पोचली. म्हणूनच तो सापडला.

पांढरा कोट घातलेला एक उंच मुलगा तिच्या पीस लिलीच्या कुंडीवर वाकला होता. हातात बर्फाचा ट्रे. मातीवर एकेक खडा ठेवत होता... हळुवार, देवाला फूल वाहावं तसा. आणि बर्फ पांढरा नव्हता. कोऱ्या चहासारखा तपकिरी होता.

"काय घालताय त्यात?" तिने दारातूनच विचारलं.

तो दचकला. खडा हातातून सुटला आणि फरशीवरून सरकत तिच्या चपलेपाशी आला.

"जेवण," तो म्हणाला. "म्हणजे... झाडाचं." आणि हसला.

हसणं छान होतं. तेच कल्पिताला खटकलं.

झाडं तिची होती. कोलशेतला घरच्या जमिनीच्या एका तुकड्यावर तिची नर्सरी होती. नौपाड्यातल्या दवाखान्यांना, ऑफिसांना ती कुंड्या भाड्याने द्यायची आणि दर आठवड्याला येऊन पानं पुसायची, खुरपायची. या लिलीची पानं हल्ली देठाशी काळी पडत होती. का, ते कळत नव्हतं. आता कळलं.

मुलाने आपणहून सगळं सांगितलं. नाव सलिल, राहायला आंबिवलीला, इथे नुकताच लागलेला. दवाखान्यात येणारे सगळे गुडघेदुखीचे. कुंडीला पाणी घातलं की ते बशीतून फरशीवर उतरायचं. एक आजी घसरल्या, तेव्हा त्याने कसंबसं सावरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, झाडंच नकोत. त्यावर त्याने हा उपाय काढला. बर्फ हळूहळू विरघळतो, माती तेवढं पिते, खाली थेंब सांडत नाही. नुसत्या पाण्यावर झाड उपाशी राहील म्हणून समुद्री शेवाळाचं पातळ खत पाण्यात मिसळून तो गोठवायचा. पेशंटच्या बर्फापासून वेगळ्या ट्रेमध्ये.

सगळं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच तिला पटेना. दुसऱ्याच्या भाड्याच्या झाडांसाठी कोण एवढा खटाटोप करतं? तिने त्याच्याकडून डबाभर खडे मागून घेतले आणि घरी एका मनीप्लांटवर वापरून पाहिले. मनीप्लांट मेला नाही. उलट कोवळं पान फुटलं. तिने पुन्हा डबा मागितला, पुन्हा पाहिलं. दुसरं पान फुटलं.

मग तिने त्याला सुनावलं की पानं काळी पडली ती त्याच्यामुळेच. बर्फ देठाला टेकवून ठेवला की झाड गारठतं, तो कडेने ठेवायचा असतो.

"मला वाटलं, जवळ ठेवला तर... लवकर पोचेल," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. कल्पिताने वळून उगाचच खिडकी बघितली. हसू दिसायला नको होतं.

त्यानंतर डबे येत-जात राहिले. डबा देताना त्याचा हात जरासा रेंगाळायचा, आणि ती तो घ्यायची घाई करायची नाही. एकदा त्याने सहज विचारलं, "नर्सरीची जागा तुमचीच ना? किती मोठी आहे?"

तिने डबा झटकन ओढून घेतला.

मागच्या वर्षी एक स्थळ आलेलं. मुलाने तिच्याशी धड बोलायच्या आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलेलं. आजूबाजूला टॉवर उठले होते. भोईरांच्या, म्हणजे तिच्या घरच्या, जमिनीकडे कोण कसं बघतं ते तिला पाठ होतं. घरी आईला, गोदाबाईंना, सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पोरी, जमिनीवर डोला हाय त्याचा."

कल्पिताने तो जेवायला बाहेर जायची वेळ गाठून दवाखान्यात जायला सुरुवात केली.

ऐन मे महिन्यात नर्सरीच्या ओल्या वाटेवर तिचा पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म झाला, बाहेर पडणं बंद. तिने डॉक्टरबाईंना लगेच कळवलं, आणि चार दिवसांनीही सूज उतरेना तेव्हा बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करून कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. वकिलांच्या ऑफिसातली दर्शना म्हणाली, कशाला, तुझा माणूस येतो की रोज बर्फ घेऊन.

कल्पिताने तर कामाला माणूसच ठेवला नव्हता.

"पैले गिऱ्हाईक, मंग जमीन," गोदाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून रिक्षा बोलवायला निघाल्या.

वकिलांच्या काचेच्या दारातून कल्पिता लंगडत आत शिरली, मागोमाग गोदाबाई. सलिल जमिनीवर बसला होता, शेजारी आइसबॉक्स. खडे कुंडीच्या कडेकडेने लावत होता, देठापासून लांब.

"माझी गिऱ्हाइकं हवीयेत का तुम्हाला?"

तो उठून उभा राहिला. बोलली ती दर्शना. तिने त्याला सुचवलं होतं, कायमचं काम तूच घे. तो म्हणाला होता, झाडं कल्पिताची आहेत, ती येईपर्यंत मी सांभाळतोय. असा तो जेवणाच्या सुट्टीत कुंड्यांवरचं तिच्या नर्सरीचं नाव वाचत दारोदार फिरत होता.

एवढं कल्पिताला पटलं. पण एक काटा अजून रुतलेला होता.

"जागा किती आहे, असं का विचारलं होतं?"

सलिलने गोदाबाईंकडे बघितलं, मग फरशीकडे.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल... या एकदा, दाखवते." तो थांबला. "थेट कसं विचारायचं ते सुचलं नाही. तुम्ही तर मी नसतानाच यायला लागलात. मग झाडांशीच बोलत बसायचो."

कल्पिताला खुर्चीवर बसावं लागलं. घोट्यामुळेच, असं तिने स्वतःला सांगितलं.

गोदाबाईंचं समाधान एवढ्याने होणार नव्हतं. त्यांनी तिथेच त्याचं गाव, आईवडील, पगार, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "आयतवारी ये. हिचा बाप बगंल तुला."

रविवारी तो आला. बाबांनी त्याला सगळ्या बांधांवरून फिरवलं, कोपऱ्यातला प्लॉट दाखवत बिल्डर काय भाव देतो तेही मुद्दाम सांगितलं. सलिलने मान डोलवली आणि विचारलं की ती निळी फुलं कसली. गोकर्ण, बाबा म्हणाले, आणि परत येऊन बायकोला सांगितलं, "याला गुंठा कलत नाय नि एकर कलत नाय. पोरगा बरा हाय."

संध्याकाळी दोघं नर्सरीच्या शेडनेटच्या जाळीखाली उभे होते. खाडीवरून वारा येत होता, तिची ओढणी सारखी उडत होती.

"मला तू आवडतेस," सलिल म्हणाला. "अजून संशय आहे?"

"आहे," कल्पिता म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तिने त्याचा हात धरला.

"पूर्ण जायला वेळ लागेल. तू येत राहा."

घरातून आईने चहाला हाक मारली. कल्पिताने ओ दिली, पण हात सोडला नाही.