अंबूबाईचा विस्तव

ठेव ती काडेपेटी, गणू. किती काड्या फुकट घालवशील! युद्धाच्या वर्षांत असतास तर कळलं असतं. दुकानात पेटीच मिळायची नाय. माझा मावसभाऊ अनंता, शेणव्याजवळच्या आमच्याच पाड्यातला. त्यानं कुठूनशी चकमक पैदा केली. रोज अंगणात बसायचा, गारगोटीवर पोलादाचा तुकडा मारायचा, सावरीच्या कापसावर ठिणगी पाडायचा. पेटलं की कोण ऐट!

त्याची बायको राही हसायची. "उन्हात कोन पन पेटवील. पावसात पेटवून दावा, मंग बोला."

त्रेचाळीस सालची पौषी पुनव. सगळा पाडा म्हशाच्या जत्रेला गेलेला, सुईणसुद्धा. राही अवघडलेली म्हणून ही दोघंच मागे राहिली. आणि नेमकी त्या रात्री, दिवस भरायच्या आधीच, ती बाळंत झाली. मुलगा झाला. बाहेर अवकाळी पाऊस कोसळत होता. छप्पर गळून गोधड्या चिंब झाल्या, चुलीत राखेखाली जपलेला विस्तव विझला. पोर गार पडायला लागलं.

अनंता चकमक घेऊन बसला. कापूस दमट. ठिणगी पडायची, विझायची. बोटं सोलवटली. रडला बिचारा.

"अवो, कायतरी करा..." राही म्हणाली.

तेवढ्यात दारातून उजेड दिसला. पाड्याच्या टोकाला म्हातारी अंबूबाईचं घर, तिथली चूल पेटली होती. हा खापर घेऊन धावला.

"आये, विस्तव दे गो. पोर गारठलाय."

म्हातारीनं वळून पाहिलं नाय. चुलीत हात घातला. नुसता हात. निखारे काढून खापरात टाकले.

त्यानं ते आणून बाजेखाली ठेवले. लालभडक. हात धरला...

ऊब नाय.

काटक्या टाकल्या. पेटेनात. फुंकलं. निखारे लाल. खोली गार.

"कुठून आनलात?"

"अंबूबाईकडून."

राही बघतच राहिली. "ती तं... दिवाळीत..."

अनंतानंच खांदा दिला होता तिला. धावपळीत आठवलंच नाय.

त्यानं बाळाला छातीशी धरलं. पाऊस... नुसता पाऊस. पहाटे बाळाचा श्वास थांबला. काही म्हणजे काही करता आलं नाय रे त्याला.

दुपारी आमी जत्रेहून परतलो. अंबूबाईच्या दाराला दिवाळीत बांधलेली सुंभाची गाठ तशीच होती. खापर रिकामं. राखेचा कण नाय.

पुरायच्या आधी बाळाला आंघोळ घातली. एक मूठ घट्ट मिटलेली. मीच उघडली ती.

आत चिमूटभर राख होती. गरम.