हस्तचा वॉकीटॉकी

नेपाळात पोखऱ्याला पॅराग्लायडिंगच्या छत्रीने उडायला येणाऱ्या पाहुण्यांना मी आधी डोंगरमाथ्यावरून सगळा मुलूख दाखवतो. खाली तलाव, डावीकडे भातखाचरं, समोर बर्फाची शिखरं. उजवीकडे घळ. बारानंतर तिकडे फिरकायचं नाही, वारा आत ओढतो. माझा धाकटा भाऊ हस्त तीन वर्षांपूर्वी तिथेच गेला. देहसुद्धा मिळाला नाही.

अशा वेळी आम्ही गुरुंग लोक बांबूची आकृती करतो, मेलेल्याचे कपडे तिला घालतो, त्याच्या वस्तू देऊन त्याला वाटेला लावतो. आई तीन वर्षं तयार नव्हती. गेल्या महिन्यात झाली.

"सगळं दिलंस ना रे? एक वस्तू राहिली तरी त्याचा पाय अडकेल."

"दिलं गं! किती वेळा विचारशील?" मी खेकसलो.

त्या दिवशी घरीच राहिलेला त्याचा वॉकीटॉकी मी ठेवून घेतला होता. चांगली वस्तू, वाया कशाला घालवायची? कुठून सुचलं हे शहाणपण, देव जाणे.

काल पोलंडच्या हलिनाबाईंचा वॉकीटॉकी बिघडला, म्हणून हस्तचा दिला. एक वाजता त्या ढगात शिरल्या, थेट घळीवर. मी माझ्या वॉकीटॉकीवरून घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. उत्तर नाही. आणखी एक जीव गेला म्हणून धावतपळत घळीत उतरलो.

बाई नदीकाठी छत्रीची घडी घालत होत्या.

"तुमच्या माणसाने छान उतरवलं हो मला!"

"कोणत्या माणसाने?"

"यावरून इंग्रजीत बोलत होता ना सारखा." त्यांनी वॉकीटॉकी पुढे केला. "म्हणाला, पाणचक्कीच्या छपरावरून डावीकडे वळा."

मी वळून पाहिलं. तिथे नुसते धोंडे होते. पाणचक्की दोन वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेली.

"तुम्हाला दिसली?"

"दिसली की. लाल पत्र्याची."

लालच होती.

मी वॉकीटॉकी बंद केला आणि एका धोंड्यावर ठेवला. "चुकलं रे माझं, हस्त. घे तुझं, आणि जा आता." मला रडू आवरेना.

पाठ फिरवली.

माझ्या छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला.

"असा नको, दादा. उडत घेऊन ये."

बाईंना आमची भाषा येत नाही. त्या हसल्या.

"हाच तो आवाज."