खाली कोणी आहे का?

नवऱ्याला एखादा नाद असावा, हे सुलक्षणाला मान्य होतं. कुणाचा नवरा गोल्फ खेळतो, कुणाचा मंडळात नाटकं बसवतो. हिच्या नवऱ्याने मात्र पन्नास टनांचं वाफेचं इंजिन धरलं होतं. डॉ. पद्माकर सबनीस आठवडाभर लेस्टरच्या हॉस्पिटलात लोकांची हाडं जोडायचे आणि रविवार उजाडला की मळका बॉयलर सूट चढवून डर्बीशरला, हॅझलबेकच्या जुन्या इंजिनांच्या शेडकडे पळायचे. परत यायचे ते कानाच्या पाळीपर्यंत काळे होऊन.

"तसंच घरात पाऊल टाकू नका!" ही दारातच ओरडायची.

"मग काय उडत येऊ?" ते उलट ओरडायचे. "आणि सुलू, थालीपीठात मीठ टाकायचं असतं, कुणी सांगितलं नाही का तुला?"

संसार असा आरडाओरड्यावर झकास चालला होता.

इंजिनाचं नाव लॉटी. अमेरिकेतल्या जंगलात ओंडके ओढण्यासाठी बांधलेलं, कुणा हौशी माणसाने जहाजात घालून इकडे आणलेलं. त्याचं सगळंच तिरपागडं. तिन्ही सिलिंडर उजव्या अंगाला उभे, त्यांच्याखालून एक लांब दांडा जायचा आणि दात्यांच्या चाकांमधून प्रत्येक चाकाला फिरवायचा. कसलाही चढ असो, लॉटी चढणारच. फक्त आवाज एक्स्प्रेसचा आणि चाल म्हशीची. डोळे मिटले तर गाडी सुसाट निघालीय असं वाटावं, उघडले तर बाजूचं नेच्याचं पान अजून बाजूलाच.

शेड पत्र्याची. आत कोळशाचा, ओल्या लोकरीचा आणि गरम तेलाचा वास. रुळांच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. त्यात उतरून दात्यांना तेल घालायचं. म्हणूनच तिथे एक नियम होता आणि तो कुणीही मोडत नसे. इंजिन हलवण्याआधी ड्रायव्हर ट्रेव्हर वाकून मोठ्याने विचारायचा, "एनीबडी बिलो?" मग सगळे चिडीचूप. उत्तर आलं नाही तरच लॉटी हलायची. आलं, तर तो माणूस वर येऊन तोंड दाखवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत पद्माकर त्या खड्ड्यात कोसळले. हृदय बंद पडलं. ट्रेव्हरने ओढून वर काढलं आणि त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं तसं छाती दाबत राहिला. पुढचं काम अँब्युलन्सवाल्यांनी केलं.

सुलक्षणा भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं आणि नाव घेऊन उठवणं, यात तिची हयात गेलेली. आयसीयूत ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि जिभेवर सवयीचंच आलं. "पद्माकर! डोळे उघडा, पद्माकर!"

लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच. एरवी तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. हॉस्पिटलात नर्सपासून सगळे त्यांना 'पॅड' म्हणायचे, आणि ही भर कॉरिडॉरमध्ये "अहो!" अशी हाक मारायची. सगळी माणसं हसायची, पण हिची जीभ काही वळली नाही. त्या दिवशी वळली.

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे नीट पाहिलं.

"थँक यू, सुलक्षणा," ते म्हणाले.

घरी आले ते बदलूनच. सुलूची सुलक्षणा झाली. आमटी अळणी असली तरी "छान झालीय." ही ड्यूटीवरून आली की हिच्यापुढे बशीत सफरचंद कापून ठेवायचे, तेही सालं काढून. शेजारची मधुमती म्हणाली, "नशीब काढलंस बाई! माझ्याकडचं ध्यान बदलून देतेस का?"

सुलक्षणाकडे कारण तयार होतं. मेंदूला काही काळ ऑक्सिजन मिळाला नाही की स्वभाव बदलतो. असे पेशंट तिने पाहिले होते. कारण बरोबर होतं, पण त्याने मन काही भरेना. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून ती हमसून हमसून रडायची. आपला माणूस वाचला आणि तरी आपल्याला त्याची इतकी आठवण येते, हे सांगणार कुणाला? घरातल्या त्या भल्या माणसाला 'अहो' म्हणायला तोंड उघडेना. ती त्यांना नावानेच हाक मारू लागली.

सप्टेंबरमध्ये ती त्यांच्याबरोबर हॅझलबेकला गेली. लॉटीला वाफ धरली होती. पद्माकर तेलाचा डबा घेऊन हिच्या शेजारी उभे. ट्रेव्हर वाकला. "एनीबडी बिलो?"

खालून कुणीतरी घसा खाकरला.

"आहे," आवाज आला. मराठीत.

ट्रेव्हरने डोळे मिटून घेतले. सुलक्षणा पद्माकरांकडे वळली. त्यांचे ओठ बंद होते.

पत्र्याचं छप्पर, घुमत असेल, असं स्वतःला बजावत ती दिवा घेऊन स्वतः खाली उतरली. तेल, पाणी, दात्यांवरून ठिबकणारा थेंब. दुसरं काही नव्हतं.

"फेब्रुवारीपासून चाललंय, डक," ट्रेव्हर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला. तिकडचे लोक सगळ्यांनाच 'डक' म्हणतात. "भाषा मला कळत नाही. आवाज मात्र डॉकचा आहे. थांबून राहिलं की गप्प होतो, मग आम्ही हलवतो. पण बरं वाटत नाही."

शेवटी लॉटी निघाली. सुलक्षणा इंजिनात उभी होती. नडग्यांना आगीची धग, बाहेर पाइनचा ओला वास, कानात तो घाईघाईचा धडधडाट, आणि झाडं मात्र एकेक करून सावकाश मागे जाणारी.

"ऐकलंत तुम्ही?" तिने विचारलं.

"दर वेळी ऐकतो," पद्माकर म्हणाले.

"मग बघायला का जात नाही?"

"जाऊन काय करू?" त्यांनी फावडंभर कोळसा आत टाकला आणि झाकण लावलं. "तो मला ओ देत नाही, सुलक्षणा. तुझी वाट बघतो."

लॉटीच्या बॉयलरचं दहा वर्षांचं सर्टिफिकेट ऑक्टोबरअखेर संपत होतं. मग आग विझवायची, इंजिन खड्ड्यावरून हलवून सुटं करायचं, आणि पुन्हा कधी जोडलं जाईल ते देव जाणे. शेवटच्या फेरीला प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. सुलक्षणाने जायचं नाही असं घोकलं होतं. तरी गेली, आणि शेडमध्ये लॉटीजवळ उभी राहिली.

ट्रेव्हर वाकला. "एनीबडी बिलो?"

"आहे की! बहिरी झालीस का सुलू? किती वेळ ओरडतोय! पाठ मोडली माझी इथे. हात दे."

आठ महिन्यांत तिच्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं.

ट्रेव्हर थांबून राहिला. बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती. आज आवाज गप्प होईना.

ती खड्ड्याच्या काठाशी गेली. वर इंजिनात पद्माकरांनी फावडं खाली ठेवलं. ते तिला अडवायला आले नाहीत. जागेवरूनच बोलले, नेहमीसारखं हळू.

"सुलक्षणा, त्याला बोलावू नकोस. मग मी कुठे जाऊ?"

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बशीत सफरचंद ठेवताना असायचा तोच चेहरा.

"सुलू!" खालून.

ट्रेव्हर तिच्याकडे पाहत होता.

तिने वरून नजर काढून घेतली.

"अहो," ती खड्ड्यात वाकून म्हणाली. "या वर."

कुणी वर आलं नाही. पायरी वाजली नाही.

इंजिनातला माणूस मट्कन बाकावर बसला. त्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. छातीवरून फिरवले. मग ताडकन उठला.

"ट्रेव्हर, वाफ काय लोणचं घालायला ठेवलीय? चल की!" एवढं इंग्रजीत भांडून तो हिच्याकडे वळला. "आणि तू काय बघत उभी राहिलीस? डबा आणलास की नाही? मीठ टाकलंस?"

सुलक्षणा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

ट्रेव्हरने पुन्हा वाकून विचारलं. खालून काही आलं नाही. लॉटी निघाली.

पुढचे दिवस तिने सणासारखे काढले. कार्पेटवर काजळीची पावलं, फोनच्या बिलावरून भांडण, आंघोळीला हाका मारमारून घसा बसलेला. मधुमतीने भिंतीपलीकडून विचारलंसुद्धा, "काय गं, सगळं ठीक ना?" "अगदी ठीक!" हिने सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नोव्हेंबरात एका सकाळी फोन वाजला. ट्रेव्हर होता.

"लॉटी सुटी करायला न्यायचीय, डक. ओढायला डिझेल इंजिन जोडलं, नियमाप्रमाणे खाली विचारलं. उत्तर आलं."

तिने किचनकडे पाहिलं. आत भांड्यांची आदळआपट चालली होती, चहा उतू गेल्याबद्दल कुणीतरी गॅसला शिव्या घालत होतं.

"डॉकचाच आवाज," ट्रेव्हर म्हणाला. "पण आता इंग्लिशमध्ये बोलतो, फार सभ्यपणे. आमचं काम अडवलं म्हणून सॉरी म्हणाला. तुझ्यासाठी निरोप दिलाय."

तिने किचनकडे पाठ केली.

"'घाई नाही,' म्हणतो. 'तिला सवड झाली की सांगा.' हॅलो? त्याला काय सांगू, डक?"

"सुलू! कोण कडमडलंय सकाळी सकाळी?" किचनमधून ओरडा आला.

"राँग नंबर," ती म्हणाली, आणि ट्रेव्हर बोलत असतानाच तिने फोन ठेवला.