‘माझा’तला झ

ती आत आली, खुर्चीवर बसली, तोंडावरचा हात काढला आणि आ केला.

समोरचा माणूस हातात प्लास्टरचा साचा धरून नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “डॉक्टर पलीकडच्या खोलीत असतात. मी... दात बनवतो.”

तिने तोंड मिटलं. “मग आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही बोलायला सवडच दिली नाहीत.”

तीन वर्षांत तिने आपणहून कुणाला दात दाखवले नव्हते. वाचनालयातल्या शिडीवरून ती पडली, वरचे पुढचे दोन दात गेले, आणि तिने मागच्या खोलीत पुस्तकं शिवायचं काम मागून घेतलं. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. आता मुलांना गोष्टी वाचून दाखवायची जागा निघाली होती. ती तिला फार हवी होती; पण त्यासाठी महिन्याभरात ग्रंथपालबाईंसमोर मोठ्याने वाचायचं होतं. दात बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून आत्याने तिला या धर्मादाय दवाखान्यात जवळजवळ ढकललंच होतं. इथे गुरुवारी फुकट दात बसवून मिळत. डॉक्टर आणि हा दातवाला, दोघंही त्या दिवसाचं काही घेत नसत.

डॉक्टरांनी माप घेतलं. पुढच्या गुरुवारी दोन दातांची चिमुकली कवळी बसली. उच्चार तपासायचं काम दातवाल्याचं होतं.

“म्हणा, माझी.”

“माझी.”

“आता, माझा.”

बारीक शिट्टी वाजली. तिचा हात झटकन तोंडावर गेला.

“होतं असं,” तो म्हणाला. “‘माझी’ला जीभ टाळूला लागते, ‘माझा’ला दातांमागे जाते. तिथे केसभर जाड राहिलंय. चूक माझी आहे.”

“तुम्हाला ‘चूक’ तरी नीट म्हणता येतं,” ती हाताआडून म्हणाली.

त्याने कवळी घासून पुन्हा बसवली. चमचा, जहाज, जावई – सगळे शब्द स्वच्छ आले.

“जावई कशाला यादीत?”

“यादी माझ्या गुरुजींची आहे. त्यांना तीन मुली होत्या.”

ती हसली. हात वर निघाला आणि गळ्यापाशीच थांबला. तो साचा पुसत बसला. पण साचा स्वच्छच होता.

“आता पुन्हा एकदा, माझा.”

तिने त्या स्वच्छ साच्याकडे एकदा पाहिलं. मग शिट्टी वाजली.

“पुढच्या गुरुवारी या,” तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारीही वाजली. त्याच्या पुढच्याही.

“दोनच दात आहेत ना गं?” आत्याने विचारलं. “की अख्खी बत्तिशी बसवतायत?”

ग्रंथपालबाईंनी चार पानं ऐकली आणि पाचवं उघडूच दिलं नाही. जागा तिला मिळाली.

पहिल्या दिवशी बारा-तेरा मुलं सतरंजीवर बसली होती. मागे, गुडघे पोटाशी घेऊन, दातवाला. गोष्ट सदरा हरवलेल्या अस्वलाची होती. तिने ती सगळे आवाज काढून वाचली. दोन्ही हात पुस्तकावर होते. मुलं पांगली तसा तो उठला.

“अस्वल चौदा वेळा ‘माझा सदरा’ म्हणालं. एकदाही शिट्टी नाही.”

“मोजत होतात?”

“कामच आहे ते. मग... गुरुवारी का वाजायची?”

तिने पुस्तक मिटलं. “तुम्ही रोज ही कामं करता. मुद्दाम वाजवलेली शिट्टी ओळखू येत नाही?”

“पहिल्याच दिवशी ओळखली.”

“मग दोन गुरुवार काय घासत होतात?”

“काही नाही. यंत्र नुसतं हवेत फिरवत होतो.” त्याचे कान लाल झाले. “तुम्ही आता येणार नाही, म्हणून मीच...”

तेवढ्यात आत्या दारात आली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “हे कोण?”

“आत्या, हा माझा...” ती म्हणाली आणि थांबली.

आत्या वाट बघत राहिली. तोही.

“पुढे?” त्याने अगदी हळू विचारलं.

“एवढंच,” ती म्हणाली आणि हसली. या वेळी हात जागचा हललाही नाही. “‘झ’ बरोबर आला ना? सांग.”

“आला,” तो म्हणाला.